बोगमाळोच्या विमानांवर आधी छप्पर घाला

प्रति,
फ्लॅग ऑफिसर, नेव्हल एव्हिएशन, वास्को-द-गामा
आणि
पर्यटन खातं, गोवा सरकार, पणजी

विषय : निवृत्त लढाऊ विमानांचं जतन

महोदय,

चंडीगडला २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. ६२ वर्षांची नोकरी संपली. तेव्हापासून आमच्या वास्कोत, चहाच्या टेबलावर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत, एक मागणी घोळते आहे : गोव्याच्याही वाट्याला एक मिग यावं. कुणी म्हणतं पणजीत मांडवीच्या काठी, कुणी मोपाच्या विमानतळाबाहेर, कुणी मडगावच्या चौकात. आज ना उद्या ही मागणी निवेदन होऊन तुमच्या टेबलावर येईल. मागणाऱ्यांत माझे मित्रच आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही माझी विनंती आहे की ती इतक्यात मान्य करू नका. बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदल विमान संग्रहालयाच्या आवारात जी विमानं आज उभी आहेत, त्यांच्या डोक्यावर आधी छप्पर येऊ दे.

मी नौदलात एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं आणि पत्र्याचं काम केलं. मूळचा वेंगुर्ल्याचा. नोकरीनं हंसावर, म्हणजे दाबोळीच्या नौदल हवाई तळावर आलो आणि निवृत्तीनंतर चिखलीला घर करून इथलाच झालो. सीहॉकची अखेर पाहिली, अलिझेवर हात काळे केले, सी हॅरियर आलं तेव्हा पुन्हा विद्यार्थी झालो. मी पायलट नव्हे. त्यामुळे या पत्रात शौर्याच्या गोष्टी कमी आणि गंजाच्या जास्त येतील, तेवढं सांभाळून घ्यावं.

आवारात काय काय आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांपैकी अनेकजण बोगमाळोच्या किनाऱ्यावर जाताना गाडीच्या काचेतून ती विमानं बघून पुढे गेलेले असणार. त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

संग्रहालय १९९८ साली उघडलं. तिथे शॉर्ट सीलँड आहे, पाण्यावर उतरणारं छोटंसं विमान. १९५३ मध्ये भारतीय नौदलाची हवाई शाखा कोचीला सुरू झाली ती या सीलँडवर. कारखान्यानं ती सगळी मिळून पंचवीसएक बनवली, त्यांतली दहा आपण घेतली. आज जगभरात उरलेली सीलँड एका हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि त्यांतलं एक आपल्याकडे आहे. नेमबाजीच्या सरावासाठी हवेत लक्ष्य ओढायला वापरलेलं फायरफ्लाय आहे. प्रशिक्षणाचं व्हँपायर आहे. त्याचा पुढचा भाग, जिथे दोन वैमानिक शेजारी शेजारी बसत, प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा असतो. जेट विमानाला वाळवी लागू शकते हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. गोव्यात घर असलेल्याला लगेच पटतं.

सीहॉक आहे. ४ डिसेंबर १९७१ रोजी विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या सीहॉक लढाऊ जेटनी कॉक्स बाजारवर हल्ला केला आणि पुढच्या दिवसांत चितगावपर्यंत धडका मारल्या. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो तो कराचीवरच्या क्षेपणास्त्र नौकांच्या हल्ल्यासाठी. त्याच दिवशी पूर्वेकडे ही विमानं काय करत होती, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. अलिझे आहे : तिघांचं पथक, नाकावर एकच पंखा, पोटाखाली उतरवायचं रडार, पाणबुड्या शोधायचं काम. त्याच युद्धात पाकिस्तानी स्टारफायटरनं आपलं एक अलिझे पाडलं, त्यातले तिघेही परत आले नाहीत. सी हॅरियर आहे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली सी हॅरियर दाबोळीला उतरली आणि ११ मे २०१६ रोजी इथूनच त्यांना निरोप दिला गेला.

आणि सगळ्यांत मोठं, तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियानं त्यातून प्रवासी नेले, मग ते हवाई दलाकडे गेलं, १९७६ मध्ये नौदलाकडे येऊन समुद्रावर टेहळणी करू लागलं. या जातीच्या विमानाचं दाबोळीशी आणखी एक जुनं नातं आहे. १८ डिसेंबर १९६१ ला हवाई दलाच्या कॅनबेरा बाँबफेकी विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्या रात्री पोर्तुगीजांनी घाईघाईनं धावपट्टीचा थोडा तुकडा डागडुजी करून वापरण्याजोगा केला आणि त्यावरून त्यांच्या विमान कंपनीचं एक कॉन्स्टेलेशन अंधारात उडून कराचीला निघून गेलं. मुक्तीचा हा किस्सा वास्कोत जुनी माणसं अजून सांगतात. त्याच जातीचं विमान त्याच धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर उभं आहे, आणि शाळेची सहल येते ती त्याच्यासमोर फोटो काढून परत जाते.

आता गंजाकडे येतो.

लढाऊ विमानाचं अंग म्हणजे बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू. ताकदीसाठी त्यात तांबं, जस्त मिसळलेलं असतं आणि तेच त्याला खाऱ्या हवेत अशक्त करतं. पत्र्याच्या कडेपासून थर सुटायला लागतात, पत्रा फुगतो, बाहेरून रंग जागेवर असतो आणि आत पांढरी भुकटी झालेली असते. जिथे पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला भिडतो तिथे मध्ये खारं पाणी शिरलं की दोन धातूंत बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि बिचारं अ‍ॅल्युमिनियम आपलं अंग देऊन पोलाद वाचवतं. नौदलाच्या विमानांत आणखी एक खोड : पंख दुमडतात. विमानवाहू नौकेच्या पोटात जागा कमी म्हणून सीहॉक आणि अलिझे, दोघांचेही पंख घडी होतात. ते बिजागर, त्यांच्या खिळी, खाचा, हे सगळं मीठ साठायला केलेलं घरच.

म्हणून आम्ही विमानं धुवायचो. समुद्रावरून उडून आलेलं विमान गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय झोपायचं नाही, असा नियम. विक्रांतवर गोड्या पाण्याची टंचाई कायमची. खलाशांना अंघोळीचं पाणी मोजून मिळायचं, पण विमानाच्या पाण्यात कपात नाही. घामानं चिकचिकलेली माणसं विमानाला अंघोळ घालताहेत, हे दृश्य बघून नवीन पोरं हसायची. नंतर त्यांनाही कळायचं.

ज्या विमानांना तासाभराच्या उड्डाणानंतर धुणं सक्तीचं होतं, तीच विमानं आता २५ वर्षांहून जास्त काळ समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभी आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा आणि ऊन. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंतीलासुद्धा मिरगाच्या आधी माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतात. सीलँडला तेवढंही नाही.

मला कुणाला दोष द्यायचा नाही. आवार नीटनेटकं आहे, विमानांना रंग लागतो, तिथली माणसं आपुलकीनं बोलतात. पण रंग हा उपाय नाही. उघड्यावरच्या विमानाला दर काही वर्षांनी रंग देणं म्हणजे दुखणं झाकणं, आणि त्यात एक वेगळंच नुकसान होतं. विमानाचा मूळ रंग हा कागदपत्रासारखा पुरावा असतो. कोणत्या स्क्वाड्रनचं चिन्ह होतं, आधीचा नंबर कोणता खोडला, कुठला पत्रा बदलला, हे सगळं रंगाच्या थरांत वाचता येतं. इंग्लंडमधल्या यिओव्हिल्टनच्या फ्लीट एअर आर्म म्युझियममध्ये एक कॉर्सेअर विमान आहे. तिथल्या लोकांनी त्याच्यावर नंतर चढवलेला रंग हळूहळू, चिकाटीनं काढला आणि खालचा १९४४ चा मूळ रंग मोकळा केला. तो खरवडलेला, ठिगळठिगळ दिसणारा रंग बघायला लोक लांबून येतात. आपण मात्र बाजारातला चकचकीत ऑइलपेंट मारून विमान नवं करकरीत केल्याचं समाधान मानतो.

ते यिओव्हिल्टनचं संग्रहालय मी मुद्दाम आठवतो आहे. तेही चालू नौदल तळाला लागून आहे, आपल्यासारखंच. १९६४ ला सुरू झालं, ज्या वर्षी हंसा तळ सुलूरहून दाबोळीला आला. आणि तिथली विमानं मोठमोठ्या दालनांत आहेत, कॉन्कॉर्डसकट. उलट उदाहरणही इंग्लंडचंच. कॉसफर्डला ब्रिटिश एअरवेजची मोठी प्रवासी विमानं वर्षानुवर्षं उघड्यावर राहिली आणि शेवटी २००६ मध्ये त्यांतली काही जागेवरच कापावी लागली. तिथल्या पावसाला आपल्याकडे कुणी पाऊस म्हणणार नाही.

आपल्याला हा धडा शिकायला इंग्लंडला जायचीही गरज नाही. जुनी विक्रांत २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ती लोकांसाठी धोकादायक ठरली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तिचं भंगार झालं. तिच्या पोलादाची मोटरसायकल निघाली, ती विकतही घेतली लोकांनी. विराट ही दुसरी विमानवाहू नौका सिंधुदुर्गात निवतीला आणायची म्हणून महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये योजना मंजूर केली होती. मी माझ्या गावाकडच्या माणसांना सांगून टाकलं होतं की आता आपल्याकडे येणार. विराट अलंगला भंगारात गेली. एवढं जहाज जपणं अवाढव्य खर्चाचं काम असतं, मान्य. विमान त्यामानानं लहान असतं, शेडमध्ये मावतं. सीलँड, फायरफ्लाय, व्हँपायर, सीहॉक, अलिझे, हॅरियर ही सगळी मिळून एका मध्यम कारखान्याच्या शेडमध्ये बसतील. कॉन्स्टेलेशनचा प्रश्न वेगळा. त्याच्या पंखांचा पसारा ३७ मीटरच्या वर आहे, त्याला खरंच हँगर लागेल. ते शेवटी करा, पण त्याच्यासाठी थांबून बाकीच्यांना भिजत ठेवू नका.

छप्पर घालताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागेल, आणि ती तुमच्या बांधकाम विभागाला सुचणार नाही म्हणून लिहितो. नुसतं छप्पर घातलं आणि बाजू उघड्या ठेवल्या तर विमानाचं काही बाबतींत अधिकच वाईट होतं. पाऊस मीठ आणतो तसा तो मीठ धुऊनही नेतो. छपराखाली खारा वारा येणारच, मीठ बसणारच आणि ते धुणारा पाऊस नसणार. जुन्या विमानांत सगळ्यांत जास्त गंज पोटाखाली आणि पंखांच्या खालच्या बाजूला सापडतो तो याच कारणानं. तेव्हा छपरासोबत धुण्याचं वेळापत्रक हवं, गोड्या पाण्याचं, कमी दाबाचं. उच्च दाबाचा फवारा मारून कुणी सांध्यांमध्ये पाणी कोंबू नये. बाकीच्या गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. पोटाखालची पाणी निघायची भोकं पानांनी बुजतात ती पावसाआधी मोकळी करायची. इंजिनाच्या हवेच्या तोंडांना झाकणं लावायची, नाहीतर साळुंक्या घरटी करतात. कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर पांढरं कापड, कारण ऊन त्याला बारीक तडे पाडतं. टायरवर वजन राहू नये म्हणून विमान जॅकवर किंवा ठोकळ्यांवर. आणि जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो, त्यामुळे कॉकपिट कुणी हौसेनं उघडून साफ करू नये. ते काम माहितगारानंच करायचं.

आता चौकांबद्दल. एका गावात, नाव घेत नाही, मी एक जेट खांबावर चढवलेलं पाहिलं. उद्घाटनाची कोनशिला विमानापेक्षा ठळक होती. विमानाच्या पोटात पोलादी खांब घुसवताना आतल्या फ्रेम कापल्या होत्या आणि खांब व पत्रा यांच्यामध्ये काहीच घातलं नव्हतं, म्हणजे गंजाला आमंत्रण. खाली निवडणुकीचा फलक बांधला होता. देखभाल कोण करतं असं विचारलं तर पालिका म्हणाली नौदल, आणि ओळखीच्या एका अधिकाऱ्यानं सांगितलं की पालिका. चौकात विमान ठेवूच नये असं मी म्हणत नाही. लहान मुलाला आयुष्यातलं पहिलं लढाऊ विमान चौकातच दिसतं आणि एखादं पोर त्यामुळे नौदलात येतंही. पण जी संस्था विमान मागते तिच्याकडून दहा वर्षांच्या देखभालीचा आराखडा आणि त्यासाठीची तरतूद लेखी घ्या. जमत नसेल तर फायबरची प्रतिकृती लावा, दुरून फरक कळत नाही आणि पावसात ती टिकते. दुर्मीळ विमान तर चौकात जाताच कामा नये.

पर्यटन खात्यासाठी दोन शब्द. विशाखापट्टणमला नौदलाचं टीयू-१४२ हे टेहळणीचं विमान किनाऱ्यावर ठेवून २०१७ मध्ये संग्रहालय केलं, शेजारी कुरसुरा पाणबुडी आधीपासून होती. लोक आत शिरून बघतात, शहराच्या सहलीत तो थांबा ठरलेला असतो. ती टीयू-१४२ विमानं १९८८ साली पहिल्यांदा उतरली ती आमच्या दाबोळीला, अरक्कोणमला नंतर गेली. म्हणजे वारसा आपला आणि तिकीटखिडकी त्यांची! गोव्यात येणाऱ्या माणसाला किनारा, चर्च, देऊळ, कॅसिनो हे सगळं कुणी ना कुणी दाखवतं. भर पावसात, जेव्हा किनारे बंद असतात, तेव्हा कुटुंबाला घेऊन जायला छपराखालची जागा नाही, हे तुमचंच दुखणं आहे. त्यातून जून ते सप्टेंबर चालणारं एक संग्रहालय तयार होत असेल तर शेडच्या खर्चात तुमचा वाटा असायला हरकत नसावी. आणि माहिती मराठीत आणि कोकणीतही लिहा. पंखाची लांबी आणि कमाल वेग यांच्या पलीकडे, हे विमान कुठल्या वर्षी कुठल्या बोटीवर होतं आणि त्यानं काय केलं, तेही असू दे. प्रत्येक विमानाला आयएन (इंडियन नेव्ही) नंबर असतो आणि लॉगबुक असतं, शोधलं तर सापडेल.

महोदय, लॉगबुकावरून पुढचा मुद्दा, आणि हा फक्त तुमच्याकडचा. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-एम लढाऊ विमानांचा करार झाला. म्हणजे हंसावरच्या मिग-२९के विमानांचे दिवस कधीतरी भरणार. जतनासाठी कुठलं विमान ठेवायचं ते आत्ताच, ती सेवेत असताना ठरवा. नेहमी उलट होतं. निवृत्तीच्या वेळी जे विमान सुट्या भागांसाठी आधीच निम्मं सोलून झालेलं असतं, ते संग्रहालयाच्या वाट्याला येतं. चांगलं विमान, चांगला इतिहास असलेलं विमान निवडून त्याच्या कागदांवर तसा शेरा मारून ठेवला तर त्याचे भाग कुणी काढणार नाही आणि त्याच्याबरोबर त्याची हत्यारं, शिडी, कव्हरं, जमिनीवरची उपकरणंही बाजूला ठेवता येतील. लोकांना विमान दिसतं, पण ते उडवायला लागणारी ट्रॉली आणि चेंज ऑफ शिफ्टला कॉफी पिणारी माणसं कुठेच दिसत नाहीत.

समुद्रावर टेहळणी करणाऱ्या आयएल-३८ विमानांचंही असंच. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ती निवृत्त झाली. १९७७ पासून ती दाबोळीचीच होती. १ ऑक्टोबर २००२ ला, स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवाच्याच दिवशी, दोन आयएल-३८ हवेत एकमेकांना धडकली. विमानांतले १२ जण गेले, खाली जमिनीवरची माणसंही गेली. त्या सकाळचा आवाज वास्कोतली माणसं विसरलेली नाहीत. या विमानाबद्दल संग्रहालयात जे काही मांडाल त्यात त्या १२ जणांची आणि जमिनीवर गेलेल्यांची नावं असावीत, ही माझ्यासारख्या अनेकांची इच्छा आहे.

पैशांचं म्हणाल तर सगळा भार नौदलानं उचलावा असं नाही. गंजाशी रोजचा सामना असलेलं गोवा शिपयार्ड वास्कोतच आहे. आयटीआयच्या मुलांना रिव्हेट मारायला खरी विमानं मिळाली तर ती धावत येतील. आणि आम्ही आहोत. वास्को, चिखली, दाबोळी, सांकवाळ या पट्ट्यात निवृत्त एअर आर्टिफिसर (नौदलाच्या विमानांचे कुशल तंत्रज्ञ) आणि मेकॅनिक पुष्कळ आहेत. काहीजण सत्तरीपुढे गेलेत, एक-दोघांचे गुडघे गेलेत, पण अलिझेच्या पंखाची घडी कुठे अडते ते त्यांना डोळे मिटून सांगता येईल. त्यांच्याकडून हे आता लिहून घेतलं नाही तर दहा वर्षांनी विचारायला कुणी नसेल.

आमच्यापैकी काहीजणांची आठवड्यातून एक सकाळ यायची तयारी आहे. मोबदला नको. पाण्याची जोडणी, शिडी, विम्याचं काय ते, आणि तळाच्या सुरक्षा विभागाकडून पास, एवढी सोय तुमच्याकडून व्हावी. सुरुवात सीलँडपासून करावी असं माझं मत आहे, कारण ते गेलं तर बदली मिळणार नाही. पावसाळ्याआधी परवानगी मिळाली तर निदान पाणी निघायची भोकं यंदाच मोकळी होतील.

आपला,
एक निवृत्त एअरफ्रेम मेकॅनिक
चिखली, वास्को